सांगितल्यानंतर काय होतं

माझ्या आजूबाजूला सध्या टीनएजर्सच टीनएजर्स आहेत. भाचे, भाच्या, मैत्रिणींची मुलं, आणि त्या मुलांचे मित्र. मी कुणाची आई नाहीये, पण बऱ्याच जणांची मावशी आहे, काही जणांची आत्या आहे, आणि या नात्यात असं होतं की मुलं पण येऊन बोलतात आणि त्यांचे आईबाबा पण. आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो. "तुला तरी काही सांगते का गं ती? आमच्याशी तर बोलतच नाही. लहान होती तेव्हा शाळेतून आली की नुसती बडबड, पाणी प्यायला थांबायची नाही, आणि आता कसा गेला दिवस विचारलं तर 'ठीक', काय झालं विचारलं तर 'काही नाही'." हे सांगताना त्यांचा आवाज दुखावलेला असतो. ते दुःख खरं असतं, मी ते कधी हलक्यात घेत नाही.

मुलांची बाजू ऐकते तेव्हा तक्रारी पुष्कळ असतात. झोपेवरून, फोनवरून, खोलीच्या दारावरून, मार्कांवरून, मित्रांवरून. पण इतकी वर्षं ऐकत आल्यावर मला असं वाटायला लागलंय की या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती मुलांना नीट मांडता येत नाही म्हणून मी मांडून बघते. आईबाबांवरचं प्रेम कमी झालं म्हणून काही मुलं गप्प होत नाहीत. एखादी गोष्ट घरी सांगितली की तिचं पुढे काय होतं हे त्यांनी बघितलेलं असतं, लक्षात ठेवलेलं असतं, आणि पुढच्या वेळी तोंड उघडायच्या आधी ते बरोबर आठवतं.

स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोघांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तोपर्यंत सगळे असं धरून चालले होते की ज्या मुलांवर आईवडिलांचं नीट लक्ष असतं ती मुलं कमी भानगडीत पडतात. पण 'लक्ष' मोजलं कसं जायचं, तर आईवडिलांना मुलाबद्दल किती माहिती आहे त्यावरून. कुठे जातो, कुणाबरोबर असतो, पैसे कशावर खर्च करतो. या दोघांनी साधा प्रश्न विचारला की ही माहिती त्यांच्यापर्यंत आली कुठून? १४ वर्षांच्या ७०० हून अधिक मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की खोदून विचारणं आणि कडक नियम यांचा वाटा कमीच, बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली. म्हणजे आपल्याला आपल्या मुलाबद्दल जे कळतं ते मुख्यतः त्याने सांगायचं ठरवलं म्हणून कळतं. लोकेशन ऑन करून, पासवर्ड मागून, दप्तर तपासून जे कळतं ते त्या मानाने फार थोडं.

म्हणजे मग सगळं येऊन थांबतं ते सांगण्यावर. आणि सांगणं टिकतं का नाही ते ठरतं सांगितल्यानंतर काय होतं त्यावर.

काय होतं? सगळ्यात कॉमन म्हणजे लेक्चर. मुलगी सांगत असते की आज एक मैत्रीण दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आई सुरू होते, तूच काहीतरी बोलली असशील, जाऊ दे ना, दुसऱ्या मैत्रिणी नाहीत का, तू तुझ्या अभ्यासात लक्ष घाल. आईला मदतच करायची असते. लेकीचं तोंड उतरलेलं बघवत नाही म्हणून ती ते प्रकरण लवकरात लवकर मिटवायला बघते. पण लेकीला ते इतक्यात मिटवायचंच नसतं, तिला ते आधी अथपासून इतिपर्यंत सांगायचं असतं, कुणी काय म्हटलं, कुठे बसलो होतो, तिने कसं बघितलं, मग मी काय केलं. हे सगळं सांगता सांगता तिचं तिलाच काहीतरी उलगडणार असतं. ते राहून जातं.

दुसरं, आईबाबा घाबरतात. मुलगा म्हणतो की मला गणितात काहीच कळेनासं झालंय, आणि बाबांचा चेहरा असा काही होतो की पुढचं वाक्य मुलगा गिळून टाकतो, आणि उलट त्यालाच बाबांची समजूत काढावी लागते, नाही नाही, तेवढं काही नाही, करतो मी कव्हर. एक सोळा वर्षांची मुलगी मला म्हणाली होती, "मावशी, मला माझं टेन्शन झेपतं गं. पण मी सांगितल्यावर आईला जे टेन्शन येतं ना, ते नाही झेपत." मला वाटतं हे वाक्य सगळ्या आईबाबांनी एकदा ऐकायला हवं. या वयातली मुलं स्वार्थी असतात, त्यांना घरच्यांचं काही पडलेलं नसतं असं आपण सर्रास म्हणतो, आणि इथे ही मुलगी आईला त्रास नको म्हणून एकटी एकटी सगळं ओढत होती.

तिसरं म्हणजे भांडणात ते परत बाहेर काढणं. विश्वासाने सांगितलेलं असतं की मला वर्गात कुणी ग्रुपमध्ये घेत नाही, आणि महिन्याभराने कपाट आवरण्यावरून वाजतं तेव्हा रागाच्या भरात तोंडून जातं, "म्हणूनच तुझ्याशी कुणी बोलत नाही." मोठी माणसं हे विसरून जातात, रागात बोललो म्हणतात. मुलं विसरत नाहीत. मला वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी असली वाक्यं शब्दन् शब्द सांगितली आहेत, कुठे उभे होतो त्यासकट.

आणि चौथं, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं, ते म्हणजे इतरांना सांगणं. मुलीला कुणीतरी आवडतं, तिने ते आईला सांगितलं, हिंमत करून सांगितलं, आणि संध्याकाळी आई फोनवर मावशीला हसत हसत सांगते, आमच्याकडे काय चाललंय माहितीये का. आईला ते कौतुकाचं वाटतं, गोड वाटतं. आतल्या खोलीत मुलीला सगळं ऐकू येत असतं. मी कितीदा फोनच्या या बाजूला असते, आणि आता मी स्पष्ट विचारते की हे मला सांगू का असं तिला विचारलंयस का तू? नसेल तर नको सांगूस.

हे मुलांना इतकं का लागतं याला कारण आहे. डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली लिहिलं होतं की या वयात मुलांना सतत आपल्यासमोर एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलाय असं वाटत असतं. सगळे आपल्याकडे बघतायत, पिंपल सगळ्यांना दिसला, चालताना अडखळलो ते सगळ्यांच्या लक्षात राहणार. मोठ्यांना ते अवास्तव वाटतं, कोण बघतंय तुझ्याकडे, असं आपण म्हणून टाकतो. पण आता बघा, आत्ताची जी टीनएजर मुलं आहेत त्यांच्यातल्या अनेकांचे जन्मल्यापासूनचे फोटो आईबाबांनीच ऑनलाईन टाकलेले आहेत, त्यांना न विचारता, आणि त्यांच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एल्काइंडचा तो प्रेक्षकवर्ग काल्पनिक होता, या मुलांचा बऱ्यापैकी खराच आहे. अशा वेळी एक घर तरी असं हवं ना जिथे आपल्याला कुणी दाखवत नाहीये. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांची जी संहिता स्वीकारली तिच्या सोळाव्या कलमात मुलांच्या खाजगीपणाचा हक्क लिहिलेला आहे, म्हणजे ही काही आजच्या मुलांनी काढलेली नवीन फॅशन नाहीये.

आता फोन. फोनवरून घराघरात जी भांडणं होतात त्यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं, ते सगळं इथे उगाळत बसत नाही. एकच गोष्ट सांगते. बहुतेक घरांत काहीही झालं की पहिली शिक्षा म्हणजे फोन काढून घेणं. मार्क कमी, फोन बंद. उलट उत्तर दिलं, फोन बंद. मग समजा एखाद्या चौदा वर्षांच्या मुलीला कुणी अनोळखी माणूस घाणेरडे मेसेज पाठवायला लागला, फोटो मागायला लागला, धमकी द्यायला लागला, तर ती घरी येऊन सांगेल का? तिला आधीच माहीत असतं की सांगितलं की पहिलं काय होणार. फोन जाणार, अकाउंट बंद होणार, "तुला सांगितलं होतं ना" ऐकावं लागणार, आणि कदाचित मैत्रिणीकडे जाणंही बंद. चूक त्या माणसाची आणि शिक्षा हिला. मग ती नाही सांगत, एकटी तोंड देत बसते, आणि तो माणूस नेमका याच गोष्टीवर विसंबून असतो की ही घरी सांगणार नाही. म्हणून मी माझ्या सगळ्या बहिणींना, मैत्रिणींना कळकळीने सांगते की आजच, काही झालेलं नसताना, मुलांना सांगून ठेवा की असं काही झालं आणि तू मला येऊन सांगितलंस तर मी तुझा फोन काढून घेणार नाही. आणि मग तो शब्द पाळा, कितीही घाबरलात तरी.

झोपेचं वेगळं सांगते, कारण त्यात मुलांवर चक्क अन्याय होतो. आळशी, रात्री भुतासारखा जागतो, सकाळी उठवता उठवत नाही. पण वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा वाढायला लागतं, लहान मुलांपेक्षा आणि मोठ्यांपेक्षाही उशिरा. मेरी कार्सकेडन यांनी हे १९९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, तेव्हा स्मार्टफोन कुणाच्या हातात नव्हता. फोनमुळे भर पडते हे खरं, पण मूळ कारण तो नाही. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. आता ज्याला अकराच्या आधी झोपच येत नाही आणि ज्याला शाळेसाठी सहाला उठायचंय त्याने ते आठ तास आणायचे कुठून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी सुरूच करू नका, आणि कॅलिफोर्नियात तर हायस्कूलसाठी तसा कायदा झाला, २०२२ पासून लागू आहे. शाळेची वेळ आईबाबांच्या हातात नसते हे मला कळतं. पण सुट्टीच्या दिवशी नऊला उठलेल्या मुलाला "उजाडलं का साहेबांचं" हे न म्हणणं तर हातात आहे. एक मुलगा मला म्हणाला की माझा दिवस रोज शिव्या खाऊनच सुरू होतो, मी डोळे उघडायच्या आधीच माझी चूक झालेली असते. अशा मुलाने त्याच दिवशी संध्याकाळी मन मोकळं करावं अशी अपेक्षा कशी करायची?

आणि मित्र. "मित्र म्हणजे सर्वस्व झालेत, आम्ही कुणीच नाही" हे वाक्य मी इतक्या आयांकडून ऐकलंय. २०२२ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ७ ते १६ वर्षांच्या मुलांना आईचा आवाज आणि अनोळखी बायकांचे आवाज ऐकवले आणि त्या वेळी मेंदूत काय होतं ते बघितलं. लहान मुलांच्या मेंदूतले आनंदाशी आणि लक्ष देण्याशी संबंधित भाग आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते, आणि साधारण तेराव्या वर्षापासून ते उलटं झालं, अनोळखी आवाज जास्त ओढून घ्यायला लागले. आईचा आवाज ओळखण्यात ही मुलं कुठेच कमी पडत नव्हती. मला हे वाचून बरं वाटलं होतं, कारण यात आईची काही चूक नाहीये आणि मुलाची पण नाहीये. एक दिवस घराबाहेर पडून अनोळखी माणसांत जगायचंय, तर त्या माणसांचे आवाज ऐकण्याजोगे वाटायलाच हवेत.

याच मित्रांची दुसरी बाजू पण आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, कम्प्युटरवर गाडी चालवायचा गेम, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची. एकटे खेळताना आणि मित्र शेजारी बघत असताना. मोठ्या माणसांना मित्र असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही, १३ ते १६ च्या मुलांनी मित्रांसमोर कितीतरी जास्त धोका पत्करला. त्यामुळे "मी एकटा असतो तर नसतं केलं" असं एखादा मुलगा रडवेला होऊन सांगतो तेव्हा ती सबब नसते हो, तो शब्दशः खरं सांगत असतो. आणि "ते विहिरीत उडी मार म्हणाले तर मारशील का" हा जो आपला ठेवणीतला प्रश्न आहे त्याचं प्रामाणिक उत्तर या वयात कधी कधी हो असतं, आणि विचारणाऱ्याला ते ऐकायचं नसतं. त्यापेक्षा तिथून निघायचं असेल तर काय बहाणा करायचा, कुणाला फोन करायचा, कुठला शब्द पाठवला की बाबा काही न विचारता घ्यायला येतील, हे आधी ठरवून ठेवलेलं मुलांना खूप आवडतं. आमच्या घरातल्या दोन मुलांनी असे शब्द ठरवलेले आहेत.

खोली, कपडे, केस, दार. इथे मुलांचं म्हणणं थोडक्यात असं की सगळ्याच गोष्टींवर सारखा जोर लावू नका. ज्युडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षं घरातल्या अशा वादांचा अभ्यास केलाय, आणि त्यात दिसतं की मुलं आईबाबांचा अधिकार सरसकट नाकारत नाहीत. सुरक्षिततेच्या बाबतीत, दुसऱ्याला इजा होईल अशा बाबतीत नियम करायचा हक्क आईबाबांना आहे हे बहुतेक मुलं मान्य करतात. वाद होतो तो अशा गोष्टींवर ज्या मुलांना स्वतःच्या वाटतात आणि मोठ्यांना शिस्तीच्या वाटतात. केसांवरून आणि हेल्मेटवरून एकाच आवाजात ओरडा मिळाला तर मुलगा दोन्हीकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि हेल्मेटकडे दुर्लक्ष परवडणारं नाहीये.

टीकेचं पण असंच आहे. २०१४ च्या एका अभ्यासात मुलांना त्यांच्याच आईची, त्यांच्यावर टीका करणारी अर्ध्या मिनिटाची रेकॉर्डिंग ऐकवली, तर त्या वेळी मेंदूतले भावनांशी संबंधित भाग पेटले, आणि भावनांना आवर घालणारे आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे ते समजून घेणारे भाग मंदावले. म्हणजे आई जेव्हा पोटतिडकीने सांगत असते की मी हे तुझ्या भल्यासाठी बोलतेय, नेमकं तेव्हा तिच्या मनातलं समजून घेणं मुलाला सगळ्यात अवघड जात असतं. मी हे एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली मग काय काही बोलूच नको का. बोल ना. पण निकाल लागला त्या संध्याकाळी नको, पाहुण्यांसमोर नको, आणि एकदा बोललीस की तेच परत नको. मुलाने पहिल्यांदाच ऐकलेलं असतं, खरंच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे त्याकडे येते. मुलं परीक्षा घेतात. मोठी गोष्ट सांगायच्या आधी छोटी सांगून बघतात, किंवा स्वतःची सांगायच्या आधी दुसऱ्याची सांगून बघतात. "आई, आमच्या वर्गातल्या एका मुलीने सिगरेट ओढली." "बाबा, एक मित्र आहे माझा, तो सारखा म्हणतो की जगण्यात काही मजा नाही." हे सहज, काहीतरी करता करता, चेहऱ्याकडे न बघता येतं. आणि आपल्याकडून पटकन जातं, "अशा मुलींशी बोलायचं नाही अजिबात," किंवा "त्याला सांग अभ्यास कर म्हणजे असले विचार येणार नाहीत." झालं, परीक्षा संपली. मुलाला हवं ते उत्तर मिळालेलं असतं, की ही गोष्ट इथे सांगण्यासारखी नाही. कधी ती मैत्रीण खरंच दुसरी असते, कधी ती मैत्रीण म्हणजे ही स्वतःच असते, आणि बाहेरून ते ओळखायला काही मार्ग नाही, म्हणून प्रत्येक वेळी ती हीच आहे असं समजून उत्तर द्यावं असं मी सांगते.

माझ्या ओळखीतल्या एका आईने हे फार छान केलं होतं. लेकीने असंच सांगितलं की एका मैत्रिणीचे हातावर कापल्याचे व्रण दिसले. आईच्या पोटात गोळा आला, तिनेच मला नंतर सांगितलं. पण ती फक्त म्हणाली, "बापरे. किती त्रास होत असेल तिला. आहे का कुणी तिचं बोलायला?" मुलगी म्हणाली माहीत नाही. आई म्हणाली, "तिला वाटलं तर माझ्याशी बोलू दे, मी रागावणार नाही, आणि काय करायचं ते आपण मिळून बघू." तिने बाही वर कर बघू असं म्हटलं नाही, पण त्या रात्रीपासून ती जास्त वेळ लेकीच्या आसपास राहायला लागली. काही दिवसांनी लेक स्वतः आली आणि बाही वर केली. मग डॉक्टर, कौन्सेलर, सगळं झालं, वेळ लागला, आता ती बरी आहे.

इथे थोडं गंभीर बोलायला हवं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या दर ७ मुलांपैकी एकाला मानसिक आजार असतो. या वयातलं डिप्रेशन रडवेलं दिसेलच असं नाही, बऱ्याचदा ते चिडचिडीसारखं दिसतं, सतत खेकसणं, आवडत्या खेळातून मन उडणं, झोप आणि भूक बदलणं. आपण त्याला उद्धट झालाय म्हणतो. जीव नकोसा झाल्याचं मुलाने आडून सुचवलं तर सरळ, शांतपणे विचारावं की तुला मरून जावंसं वाटतं का, स्वतःला काही करायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात तो विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचायचं. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवलंय की तुमचं सगळं माझ्यापाशी राहील, पण जीवाशी येईल अशी गोष्ट असेल तर मी ती एकटी ठेवणार नाही, आपण दोघं मिळून घरी सांगू. एकाही मुलाने त्याला हरकत घेतलेली नाही. मला वाटतं त्यांना तेच हवं असतं, फक्त सांगताना शेजारी कुणीतरी हवं असतं.

मुलांना आईबाबा नको असतात हे मला कधीच पटलेलं नाही. ती जे सांगतात त्यात किती साध्या गोष्टी असतात. मी गेममधलं काहीतरी दाखवतो तेव्हा बाबांनी त्यांच्या फोनमधून डोकं वर काढावं. मला विचारायचं असेल तर मी आल्या आल्या दारात नको, रात्री विचार, तेव्हा मला बोलावंसं वाटतं. समोर बसवून नको, कुठेतरी जाताना शेजारी असताना बोल. कधी कधी मी खरंच 'काही नाही' म्हणतो कारण मला पण माहीत नसतं काय झालंय ते. ऑफिसमध्ये काही बिनसलं असेल तर मला सांग, नाहीतर मला वाटतं माझ्यावरच चिडलीयेस. आणि चुकलं तर सॉरी म्हणा, हे तर जवळजवळ प्रत्येक मूल म्हणतं. मोठ्यांनी सॉरी म्हटलेलं त्यांनी फार कमी ऐकलेलं असतं.

एकदा बंद झालेलं सांगणं परत सुरू होतं का, हे मला आईबाबा फार घाबरत घाबरत विचारतात. होतं. पण लगेच होत नाही. माझ्या एका भाच्याने एक गोष्ट बाबांना सांगितली होती आणि ती घरभर झाली, त्यानंतर त्याने बाबांशी कामापुरतंच बोलायला सुरुवात केली. जवळजवळ वर्ष गेलं. मग बाबांनी त्याला सांगितलं की मी ते इतरांना सांगायला नको होतं, ते तुझं होतं, माझं चुकलं. भाचा "ठीक आहे" म्हणाला आणि हेडफोन घातला. बाबांना वाटलं काही उपयोग झाला नाही. मी म्हटलं त्याला बघू द्या, तो आता बघणार की हे नुसतं बोलणं आहे का खरं आहे. पुढे बरेच दिवस अशाच बारीकसारीक गोष्टी येत राहिल्या, एखादा व्हिडिओ, एखाद्या सरांबद्दलची कुरकुर, एका मॅचबद्दल काहीतरी. बाबांनी त्यातली एकही बाहेर जाऊ दिली नाही, माझ्यापर्यंत सुद्धा नाही, मला हे सगळं भाच्याकडूनच कळलं. मध्यंतरी तो मित्रांबरोबर एका ठिकाणी गेला होता, तिथे दारू निघाली, आणि ज्याच्या गाडीवरून परत यायचं होतं तोच प्यायलेला होता. त्याने बाबांना फोन केला, घ्यायला या म्हणाला. बाबा गेले. वाटेत काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं, आणि त्याने बरंचसं सांगितलं, कोण कोण होतं ते सोडून. बाबांनी ते विचारलंही नाही, एवढंच विचारलं की तो गाडीवाला मुलगा मग घरी कसा गेला, आणि पुढच्या वेळी त्याची चावी कशी काढून घेता येईल यावर दोघं बराच वेळ बोलत बसले.